‘अभ्यासाची गोळी’ नावाचा गैरसमज

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

एकाच आठवड्यात माझ्या दवाखान्यात दोन कुटुंबं आली. दोन्हींचा विषय एकच औषध होता. एका कुटुंबाला ते हवं होतं आणि मला ते द्यायचं नव्हतं. दुसऱ्या कुटुंबाला मी ते सुचवत होते आणि त्यांना ते नको होतं. आज त्या औषधाविषयीच आपल्याशी बोलायचं आहे.

मी मुलांची मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझा दवाखाना मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी आहे. गावात शाळांपेक्षा शिकवण्यांच्या पाट्या जास्त. पहिल्या कुटुंबातला मुलगा बारावीचा. वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान. मुलगा मान खाली घालून बसलेला आणि बोलत होते ते वडीलच. ‘‘मॅडम, पोरगं हुशार आहे, पण पुस्तक हातात घेतलं की तासाभरात पेंगतं. याच्या क्लासमधल्या एकाला अभ्यासाची गोळी मिळाली आहे म्हणे. रात्रभर झोप येत नाही आणि वाचलेलं सगळं डोक्यात राहतं. परीक्षेपुरती तेवढी लिहून द्या.’’

दुसऱ्या कुटुंबातला मुलगा आठ वर्षांचा, तिसरीतला. त्याच्याबरोबर आई, वडील आणि आजोबा असे तिघं आले होते. बोलणं चालू असताना त्याने माझ्या टेबलावरचा पेपरवेट दोनदा पाडला, वजनकाट्यावर तीनदा चढून उतरला आणि खिडकीच्या गजातून हात घालून बाहेरच्या मोटारसायकलचा आरसा फिरवून आला. रस्त्यावर हात सोडून पळत सुटल्यामुळे दोनदा गाडीखाली येता येता वाचलेला. शाळेने ‘पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा’ असं सुचवलेलं. ही त्यांची चौथी भेट होती. सगळी चौकशी आणि तपासण्या झाल्यावर मी औषधाचा विषय काढला. आजोबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘डॉक्टरीणबाई, ही गोळी नशेची आहे का नाही, तेवढं खरं सांगा.’’

दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. वडिलांच्या मागणीत एक गैरसमज होता आणि आजोबांच्या भीतीत अर्धं सत्य. ते दोन्ही वेगळे करून पाहायचे तर या औषधाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

औषधाचं नाव मेथिलफेनिडेट. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सीबा नावाची औषध कंपनी होती. तिथे काम करणाऱ्या लिआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ साली तयार केलं. त्यांच्या पत्नीचं नाव मार्गरिट, लाडाने रीटा. तिचा रक्तदाब कमी असायचा. टेनिस खेळायला जाण्याआधी ती हे औषध घ्यायची आणि तिला तरतरी वाटायची. तिच्याच नावावरून औषधाचं नाव पडलं ‘रिटालिन’. अमेरिकेत १९५५ साली त्याला परवानगी मिळाली, तेव्हा ते मुलांसाठी नव्हतंच. थकवा, मरगळ, उदासी आणि दिवसा अनावर झोप येण्याचा नार्कोलेप्सी नावाचा आजार, यांसाठी ते दिलं जायचं. नार्कोलेप्सीसाठी ते आजही वापरलं जातं.

मग तरतरी आणणारं औषध चळवळ्या मुलांना शांत कसं करू लागलं? त्याची कथा आणखी थोडी जुनी आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात मुलांच्या मानसिक आजारांसाठी एक रुग्णालय होतं. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची एक्स-रे तपासणी करायचे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यासाठी पाठीच्या कण्यातलं द्रव काढावं लागे आणि त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. हे द्रव शरीरात लवकर तयार व्हावं, या आशेने ब्रॅडलींनी मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. बेन्झेड्रिन म्हणजे ॲम्फेटामाइन, मेथिलफेनिडेटचा थोरला चुलतभाऊच म्हणा. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण रुग्णालयातल्या शाळेच्या शिक्षकांना वेगळंच काही दिसलं. एरवी एका जागी न बसणारी काही मुलं गणितं सोडवत बसली होती. ब्रॅडलींनी १९३७ साली तीस मुलांवरची आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांतल्या चौदा मुलांच्या शाळेतल्या कामात ठळक सुधारणा होती. मुलांनी स्वतःच त्या गोळीला ‘गणिताची गोळी’ असं नाव दिलं होतं.

म्हणजे ‘अभ्यासाची गोळी’ हा शब्द तसा जुनाच. पण ती मुलं आजारी होती आणि गोळीने त्यांना गणित शिकवलं नव्हतं. गोळीने त्यांना गणितासमोर बसू दिलं होतं. एवढा फरक लक्षात ठेवला तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

आता हे घडतं कसं, ते पाहू. आपल्या मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये अतिशय बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि दुसरीला निरोप मिळतो. डोपामाइन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही अशी दोन रसायनं. काम झालं की पहिली पेशी ते रसायन पंपाने परत ओढून घेते. हौदात नळाने थेंब थेंब पाणी पडतंय आणि मोरीतून ते वाहूनही जातंय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. मेथिलफेनिडेट काय करतं, तर मोरीत बोळा बसवतं. नळ तेवढाच, पण पाणी जरा जास्त वेळ टिकतं. ॲम्फेटामाइन बोळा तर बसवतंच, शिवाय नळही सोडतं. म्हणून ते जास्त जोरकस.

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे, तो आपल्याला आवर घालण्याचं काम करतो. ‘आता थांब’, ‘आधी हे संपव’, ‘तो आवाज तुझ्यासाठी नाही’, असे निरोप तो देत असतो. या भागाला वरची दोन रसायनं अगदी मोजून लागतात. जुन्या रेडिओचा काटा आठवा. स्टेशनच्या थोडा अलीकडे असला तरी खरखर, थोडा पलीकडे गेला तरी खरखर. अतिचंचल मुलाचा काटा थोडा अलीकडे अडकलेला असतो. औषधाच्या योग्य मात्रेने तो स्टेशनवर येतो. बाहेरून आपल्याला मूल शांत झालेलं दिसतं, पण त्याला झोप किंवा गुंगी आलेली नसते. मेंदूचा आवर घालणारा भाग जागा झालेला असतो. आणि ज्याचा काटा आधीच स्टेशनवर आहे, त्याने तो आणखी फिरवला तर काय होईल? हा प्रश्न बारावीच्या मुलाचा आहे. त्याकडे मी परत येणार आहे.

या आजाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी म्हणतात, मराठीत अवधान-अभाव आणि अतिचंचलता. जगभरातल्या अभ्यासांचा अंदाज धरला तर शंभरात सुमारे पाच मुलांना तो असतो. मूल मस्तीखोर आहे एवढ्यावरून निदान होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, सहा महिने तरी टिकलेली हवीत, घरी आणि शाळेत अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यामुळे मुलाचं खरोखर नुकसान होत असायला हवं. फक्त शाळेत त्रास आणि घरी काही नाही, असं असेल तर आधी शाळेकडे पाहावं लागतं. मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असतं. त्यामुळे त्या ‘धांदरट’ म्हणून मागे राहून जातात आणि कुणी त्यांना आमच्याकडे आणतही नाही.

योग्य निदान झालेल्या दहा मुलांपैकी सुमारे सात मुलांना या औषधाचा चांगला उपयोग होतो. मानसोपचारातल्या औषधांत हे प्रमाण मोठं आहे. असर अर्ध्या-पाऊण तासात दिसू लागतो. साधी गोळी तीन ते चार तास पुरते, सावकाश विरघळणारी आठ ते बारा तास. सहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही सहसा औषध सुरू करत नाही. तिथे आई-वडिलांना वागणुकीचं प्रशिक्षण देणं हा पहिला उपाय. आणि मोठ्या मुलांतही औषधाबरोबर हे प्रशिक्षण, शाळेची मदत आणि दिवसाची घडी बसवणं हे सगळं लागतंच. गोळीचा असर संपला की मूल पुन्हा आपल्या सवयींपाशी येतं. त्या सवयी कुणीतरी शिकवलेल्या असाव्या लागतात.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. प्रॅक्टिस सुरू केली त्या काळातली गोष्ट. सात वर्षांचा एक मुलगा आला. वर्गात लक्ष नाही, सतत चुळबुळ, चिडचिड. मी निदान केलं, औषध लिहिलं. पंधरा दिवसांत शिक्षिकेचा निरोप आला की बरीच सुधारणा आहे. मला वाटलं, औषध लागू पडलं म्हणजे निदान बरोबर. सहा महिन्यांनी त्याची आई बोलता बोलता म्हणाली, ‘‘रात्री एवढं घोरतो की आम्हाला शेजारी झोपवत नाही.’’ मी चमकले. पहिल्या भेटीत मी झोपेविषयी विचारलंच नव्हतं. नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी इतक्या वाढल्या होत्या की झोपेत त्याचा श्वास अडत होता. रात्रभर नीट झोप नाही, म्हणून दिवसभर चुळबुळ. शस्त्रक्रिया झाली, झोप सुधारली आणि काही महिन्यांत माझं औषध बंद करता आलं. सहा महिने मी त्या मुलाची भूक मारत होते आणि खरा आजार तसाच होता.

माझ्या चुकीचं कारण पुस्तकात आधीपासून लिहिलेलं होतं. अमेरिकेतल्या ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुठलाही आजार नसलेल्या चौदा मुलग्यांना त्यांनी ॲम्फेटामाइनची एक मात्रा दिली. त्या निरोगी मुलांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष वाढलं. म्हणजे गोळीने मूल शांत झालं यावरून आजार सिद्ध होत नाही. ‘देऊन बघू, लागू पडली तर आजार आहेच’ हा मार्ग चुकीचा आहे. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक यादी असते. झोप कशी आहे, घोरतो का, डोळे आणि कान तपासलेत का, रक्त कमी आहे का, थायरॉइड, मध्येच काही सेकंद हरवून जाणारी फिट, वाचता-लिहिता येण्यातली खास अडचण, घरात भांडणं, शाळेत मार. हे सगळं विचारल्याशिवाय मी चिठ्ठीला हात लावत नाही.

आता धोके. ते लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात जास्त दिसणारा परिणाम म्हणजे भूक मंदावणं. डबा तसाच परत येतो. झोप लवकर लागत नाही. काहींचं डोकं किंवा पोट दुखतं. औषध उतरताना संध्याकाळी चिडचिड होते. नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. उंचीवरही परिणाम होतो. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तीन वर्षांच्या शेवटी, सतत औषध घेणारी मुलं न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन सेंटीमीटरने मागे होती. त्याच अभ्यासाचा आणखी एक धडा आहे. पहिल्या चौदा महिन्यांत काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा फायदा स्पष्ट होता, पण तीन वर्षांनंतर वेगवेगळ्या उपचारगटांतला फरक उरला नव्हता. म्हणून एकदा सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षं डोळे झाकून चालू ठेवायची नसते. दरवर्षी ती थांबवून पाहायची असते.

क्वचित होणारे पण गंभीर परिणामही आहेत. भास होणं, संशय वाटणं असं दिसलं तर गोळी लगेच बंद करून डॉक्टरांना भेटायचं. जन्मतः हृदयाचा दोष असेल, व्यायाम करताना मूल बेशुद्ध पडलं असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सुरुवात करायची नाही. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या लोकांविषयी स्वीडनमधला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. जितका काळ औषध जास्त, तितका उच्च रक्तदाबाचा आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका थोडा वाढलेला दिसला. म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद प्रत्येक भेटीत व्हायलाच हवी. ती होत नसेल, तर आपण मागून घ्यावी.

आजोबांचा प्रश्न राहिला: नशेची आहे का? मी त्यांना खरं तेच सांगितलं. मेथिलफेनिडेट मेंदूत ज्या पंपांवर बसतं, त्याच पंपांवर कोकेनही बसतं. हे ऐकून त्यांनी सुनेकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘आजोबा, पुढचं ऐका.’’ अमेरिकेतल्या डॉ. नोरा वोल्कोव यांनी मेंदूची छायाचित्रं घेऊन हे तपासलं आहे. उपचाराच्या मात्रेत तोंडाने घेतलेली गोळी अर्ध्याहून अधिक पंप बंद करते, पण तिचा असर शिखरावर जायला तास-दीड तास लागतो. तेच औषध शिरेतून टोचलं तर काही मिनिटांत शिखर गाठतं. नशा येते ती या वेगाने. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं तेव्हा पीक येतं. तेच पाणी धरण फुटून आलं तर शेत वाहून जातं. लहानपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध घेतलेल्या मुलांमध्ये पुढे व्यसनाचं प्रमाण वाढतं, असं दीर्घकाळच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. पण हीच गोळी कुटून नाकाने ओढली, टोचून घेतली किंवा मनाने मात्रा वाढवत नेली, तर व्यसन लागू शकतं. जिवावरही बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने मे २०२३ मध्ये या गटातल्या सर्व औषधांवरचा चौकटीतला इशारा अधिक कडक केला, तो याच कारणासाठी. आपल्या गोळ्या मित्राला देणं हाही धोका त्यात स्पष्ट सांगितला आहे.

आपल्याकडे कायदा आधीपासूनच कडक आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत मेथिलफेनिडेट आहे. औषधांच्या नियमांत ते ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत हवी, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची आणि औषध कुलपात ठेवायचं. बारावीच्या मुलाच्या मित्राला ‘कुणीतरी’ गोळी दिली असेल, तर ती कायद्याबाहेरच मिळालेली आहे. तिच्यात नेमकं काय आहे, हे सांगणारंही कुणी नाही.

आणि आता त्या मुलाचा प्रश्न. निरोगी, हुशार मुलाने परीक्षेपुरती ही गोळी घेतली तर बुद्धी वाढते का? ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये याचं उत्तर देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा ते पस्तीस वयाच्या चाळीस निरोगी माणसांना त्यांनी एक कोडं घातलं. एक पिशवी आहे, तिला वजनाची मर्यादा आहे. समोर वेगवेगळ्या वजनांच्या आणि किमतींच्या वस्तू आहेत. कुठल्या वस्तू भरल्या तर सर्वांत जास्त किमतीचा माल मावेल? प्रत्येकाने हे काम चार वेगवेगळ्या वेळी केलं. एकदा मेथिलफेनिडेट घेऊन, एकदा ॲम्फेटामाइनच्या गटातली गोळी घेऊन, एकदा मोडाफिनिल घेऊन आणि एकदा नुसती बिनऔषधाची गोळी घेऊन. कुठली गोळी कधी, हे ना त्यांना माहीत होतं ना तपासणाऱ्यांना.

औषध घेतल्यावर लोकांनी जास्त वेळ घालवला, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या. म्हणजे कष्ट वाढले. पण पिशवीतल्या मालाची किंमत वाढली नाही, उलट कमी झाली. विचार करून वस्तू निवडण्याऐवजी त्यांची उलथापालथ वाढली. आणि औषधाशिवाय सरासरीपेक्षा चांगलं काम करणारे लोक मेथिलफेनिडेट घेतल्यावर सरासरीच्या खाली येऊ लागले. रेडिओचा काटा स्टेशनच्या पलीकडे गेला तो असा. गंमत म्हणजे माणसाला स्वतःला वाटत राहतं की आपण जोरात अभ्यास करतोय. पानं उलटली जातात, तास भरतात. समज मात्र वाढत नाही.

शिवाय झोप. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत. झोप मोडून मिळवलेला अभ्यासाचा तास म्हणजे बियाणं विकून घेतलेलं खत. मी वडिलांना याच शब्दांत सांगितलं, कारण ते त्यांच्या धंद्यातलं होतं. थकवा ही शरीराने लावलेली धोक्याची घंटा असते. उत्तेजक औषध थकवा घालवत नाही, घंटा बंद करतं. १९६७ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश सायकलपटू माँ व्हाँटू डोंगराच्या चढावर कोसळला आणि गेला. कडक ऊन होतं आणि त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन आणि मद्य सापडलं. थांबण्याची घंटा त्याला ऐकू आली नाही.

मी त्या बारावीच्या मुलाला एकट्याला आत बोलावलं आणि दिवस कसा जातो ते विचारलं. पहाटे साडेपाचला उठणं, सहाला पहिली शिकवणी, रात्री दीडला दिवा बंद. झोप चार तास. लहानपणी वर्गात कधी तक्रार नव्हती. पेंग येते कारण झोप नाही, एवढा साधा हिशेब होता. मी म्हटलं, ‘‘तुला गोळी नको, तीन तास झोप जास्त हवी.’’ त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, ‘‘हे तुम्ही पप्पांना सांगाल का?’’ मी सांगितलं. वडील नाराज झाले. ‘‘झोपूनच नंबर लागला असता तर काय हवं होतं,’’ म्हणाले आणि निघून गेले. ते परत आले नाहीत. त्यांना ती गोळी दुसरीकडे कुठे मिळाली का, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. आजच्या भाषणाचं एक कारण तेही आहे.

आजोबांनी मात्र आठवडाभर विचार केला आणि ते एकटेच परत आले. ‘‘महिनाभर देऊन बघू. पण गोळ्या माझ्या ताब्यात राहतील,’’ ही त्यांची अट. मला ती फार आवडली. उपचार न करण्याचाही धोका असतो, हे मी त्यांना सांगितलं होतं. स्वीडनमध्ये हा आजार असलेल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा औषध चालू असलेल्या काळात पुरुषांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी दिसलं. आमच्या या मुलाच्या बाबतीत धोका त्याहून साधा होता: रस्त्यावरची गाडी, सुटणारी शाळा आणि ‘मी वाईट मुलगा आहे’ हे त्याचं ठरून गेलेलं मत.

पहिल्या आठवड्यात त्याची भूक गेली. मी मात्रा कमी केली, गोळी भरपेट न्याहारीनंतर द्यायला सांगितली आणि रात्री औषध उतरल्यावर पुन्हा जेवू घालायला सांगितलं. रविवारी आजोबा त्याला शेतात नेतात. तिथे त्याला गोळीची गरज पडते की नाही, ते आम्ही ठरवत आहोत. गोळ्यांची पाकिटं आजोबांच्या ट्रंकेत कुलपात असतात. दुसऱ्या महिन्यात मी मुलाला विचारलं, ‘‘गोळी घेतल्यावर काय वेगळं वाटतं रे?’’ तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘‘बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू येतं.’’

आपल्या घरी असा प्रश्न आला, तर डॉक्टरांना चार गोष्टी जरूर विचारा. निदान कशावरून केलं? झोप, डोळे, कान आणि हृदय पाहिलंत का? औषधाबरोबर आणखी काय करायचं आहे? आणि ते थांबवून कधी पाहायचं? या चारही प्रश्नांची उत्तरं मिळत असतील, तर ‘नशेची गोळी’ म्हणून घाबरून आजारी मुलाचं औषध नाकारू नका. आणि आपल्या निरोगी मुलासाठी कुणी ‘परीक्षेपुरती’ गोळी देऊ केली, तर ती तिथेच परत करा. त्या रात्री त्याला वेळेवर झोपू द्या.